पी००१६ आला की लगेच सेन्सर मागवू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या कॉमनरेल पिकअपचा टायमिंग कोड शोधून दाखवला. हात काम करत असताना सगळं बोलता येत नाही, म्हणून तपासणीचा क्रम आणि त्यामागचं कारण इथे लिहून देतोय.

आधी कोड काय म्हणतो ते समजून घ्या. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटची. पी००१६ वेगळा आहे. त्यात दोन्ही सिग्नल येत असतात, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक मारतो, आणि क्रँकच्या कोणत्या दातासमोर कॅमचा सिग्नल यायला हवा हे ईसीएमला माहीत असतं. ती जागा मर्यादेबाहेर सरकली की कोड पडतो. का सरकली, हे ईसीएम सांगत नाही. ते शोधायचं काम आपलं, आणि पैसेही त्याचेच घ्यायचे.

व्हिडिओतली गाडी नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री वाशीला जाणारी. दुसरीकडे दोन्ही सेन्सर बदलून झाले होते. कोड पुसला की दोन दिवस बरी, मग पुन्हा चेक इंजिनचा दिवा. मालकाचे पैसे गेले, दोन खेपा बुडाल्या, आणि गाडी होती तिथेच.

स्कॅनर लावायच्या आधी विचारा, "काका, दिवा लागायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?" क्लचचं काम झालं असेल तर आधी क्रँक सेन्सरची वायर बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो सेन्सर बेल हाऊसिंगवर असतो, आणि गिअरबॉक्स चढवताना वायर दबते. हेडचं काम झालं असेल तर टायमिंगच्या खुणा चुकल्याचा संशय आधी. काहीच काम झालं नाही, पण सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते, असं म्हणाले तर कान टवकारा. या काकांनी नेमकं तेच सांगितलं. वर ऑइल बदलायला बराच उशीर झालेला.

तरी थेट चेनकडे धावायचं नाही. स्वस्त गोष्टी आधी. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघा, ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग. मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटात सेल्फ मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचत नाही. कपलर काढून पिना हिरव्या पडल्यात का, वायर गरम पाइपाला घासलीय का, सेन्सरच्या तोंडाला लोखंडी चुरा चिकटलाय का, हे डोळ्यांनीच कळतं.

सेन्सर तपासताना एक फरक लक्षात ठेवा. दोन वायरचा सेन्सर बहुतेक वेळा कॉइलचा असतो, त्याचा ओहम मोजून मॅन्युअलशी ताडता येतो. तीन वायरचा साधारण हॉल सेन्सर. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल असं क्रमाने तपासायचं. हॉल सेन्सरचा ओहम मोजून 'खराब आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

सगळं ठीक निघालं की स्कोप. क्रँक आणि कॅम दोन्ही सिग्नल एकाच पडद्यावर घ्या आणि त्याच इंजिनच्या चांगल्या गाडीच्या चित्राशी जुळवा. म्हणून सांगतो, चांगली गाडी सर्व्हिसिंगला आली की तिचं चित्र सेव्ह करून ठेवा. इथे थोडं गणित. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात धरा. चेन एक दात उडाली तर ३६० भागिले २०, म्हणजे १८ अंशांचा फरक. क्रँकच्या सिग्नलची रिंग ६० उणे २ दातांची असेल तर तिचा एक दात ६ अंशांचा, म्हणजे कॅमचा सिग्नल तीन दात सरकलेला दिसेल. चेन नुसती ताणली असेल तर फरक कमी येतो आणि कॅम मागे पडलेला असतो. या गाडीत कॅम साधारण दीड दात मागे होता. म्हणजे चेन उडालेली नव्हती, ताणलेली होती.

स्कोप नसेल तर लॉकिंग पिना वापरा. ज्या इंजिनला त्यांची सोय आहे तिथे फ्लायव्हीलमध्ये पिन बसते आणि कॅममध्ये बसत नाही, एवढ्यावर निकाल लागतो. तुमच्या इंजिनला चेन आहे, बेल्ट आहे की गिअर, ते मॅन्युअलमध्ये बघूनच हात घाला.

एक धोका. गाडी चालता चालता बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलकं फिरतंय, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. डिझेलमध्ये पिस्टन आणि वॉल्व्हमध्ये जागा फारच कमी असते. वॉल्व्ह वाकले की चेनच्या कामाचं हेडचं काम होतं.

आता पैशाचं. मी तपासणीचे १,००० रुपये आधीच सांगतो. काका म्हणाले, "अहो शेठ, आधीच दोन सेन्सरचे गेलेत." मी म्हणालो, "काका, ते पार्टचे गेले. हे कोणता पार्ट लागतोच नाही, ते कळायचे." मग त्यांना स्कोपची दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. गिऱ्हाइकाला अंश कळत नाहीत, पण रेघ सरकलेली दिसते. कव्हर उघडल्यावर टेन्शनर पूर्ण बाहेर आलेला आणि गाइडला खाच पडलेली, तीही फोनवर फोटो काढून पाठवली. चेन, गाइड आणि टेन्शनर एकत्रच बदला. नुसती चेन घालून पैसे वाचवायचा आग्रह झाला तर काम घेऊ नका.

नवीन चेन बसली की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा परत जुळल्या तरच सेल्फ. कोड पुसा, पुन्हा स्कोप लावा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनवर. म्हणून गाडी एक रात्र जास्त ठेवावी लागेल हे एस्टिमेट देतानाच सांगा. माल ठरलेला असतो, मालकाला दुसरी गाडी बघायला वेळ मिळतो.