कोणता प्रश्न कोणाकडे न्यावा

चि. मृणाल हिस,


मनाचे दुखणे घेऊन आलेला माणूस डॉक्टरांपुढे बहुधा शरीराची तक्रार मांडतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड असते, अन्नावर वासना राहिलेली नाही. ईसीजी नॉर्मल येतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, गोळ्या बदलतात आणि थोड्याच दिवसांत पेशंट पुन्हा बाकावर येऊन बसतो. तुझ्यासारख्या, तालुक्याच्या गावी दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरला अशी माणसे रोज भेटतात. त्यांच्यातल्या कोणाला औषधांची गरज आहे, कोणाला समुपदेशनाची, कोणाला जोडीदारासह बोलवायचे आणि कोणाला आधी संरक्षण मिळवून द्यायचे, हे ओळखले की अर्धे काम होते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि वेगवेगळ्या विकारांमध्ये 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी इथले चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर; मनोविकारांवरची औषधे ठरवणे हे त्याचे काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्रात पदव्युत्तर पातळीचे क्लिनिकल प्रशिक्षण घेतलेला. त्याची नोंदणी 1992 च्या कायद्याने चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार तो करतो, औषधे लिहून देत नाही. तिसरा समुपदेशक. तो मानसशास्त्रात एमए असेल, समाजकार्यात एमएसडब्ल्यू असेल किंवा नुसती पदविका घेतलेलाही असेल. समुपदेशकांच्या व्यवसायाला 2021 च्या, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने प्रथमच चौकट मिळाली, पण नोंदणीची व्यवस्था सावकाश उभी राहते आहे. त्यामुळे पाटीवर विसंबून कोणालाही पाठवू नये. शिक्षण कोठे झाले, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली किती काळ काम केले, कोणत्या तक्रारी हाताळल्या आणि गरज पडल्यास कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाते, हे स्वतः फोन करून विचारावे. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही.

काही लक्षणे दिसताच मात्र मानसोपचारतज्ज्ञच गाठावा लागतो. कानात आवाज येणे, कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटणे, कित्येक रात्री न झोपताही उत्साह उतू जाणे, खाणेपिणे सुटणे, दारू अचानक थांबवल्यावर हातपाय कापणे आणि भ्रम होणे, आत्महत्येचा बेत मनात ठरलेला असणे, या अवस्थांत नुसते समुपदेशन पुरत नाही आणि वेळ दवडणे धोक्याचे ठरते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. थायरॉइड, रक्तक्षय, बी-12 ची कमतरता, मधुमेह यांनीही मन खचल्यासारखी लक्षणे दिसतात. ती तपासून मगच माणूस पुढे पाठवणे हे फॅमिली डॉक्टरचेच काम आहे.

वैयक्तिक समुपदेशनाची बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि बहुधा आठवड्यातून एकदा होते. पहिल्या भेटीत तक्रार, घरची माहिती, पूर्वीचे आजार विचारले जातात. वेळ, फी आणि गुप्ततेच्या मर्यादा ठरतात. उपदेश ऐकायला मिळेल या अपेक्षेने आलेला माणूस सुरुवातीला गोंधळतो, कारण समुपदेशक निर्णय देत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर मांडले की समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागी जाऊन समजून घेणे, त्याला अटी न घालता स्वीकारणे आणि स्वतः खरे वागणे, या तीन गोष्टी उपचाराच्या मुळाशी असतात. आज पद्धती बदलल्या तरी हा पाया टिकून आहे.

मराठी वाचकांना त्यांतली सर्वाधिक ओळखीची पद्धत अल्बर्ट एलिस यांची. त्यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली. तिचे सूत्र असे, की घटना थेट दुःख देत नाही. घटनेकडे पाहण्याचा दृष्टिकोन भावना घडवतो. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलाला वाईट वाटणारच. पण ‘मी अधिकारी झालोच पाहिजे, नाहीतर माझ्या जगण्याला किंमत नाही’ हा हट्ट त्या वाईट वाटण्याचे निराशेत रूपांतर करतो. समुपदेशक त्या ‘च’ला आव्हान देतो, पुरावा मागतो आणि मुलाकडूनच दुसरा विचार घडवून घेतो. स्पर्धा परीक्षांच्या गावोगावच्या अभ्यासिका पाहिल्या तर ही पद्धत किती जणांना हवी आहे ते कळते.

या सगळ्या शहरातल्या, पैसेवाल्यांच्या गोष्टी आहेत असे म्हणणाऱ्यांना गोव्याचे उदाहरण द्यावे. तिथे 1996 साली स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार आखला. खचलेला माणूस रोजची कामे, भेटीगाठी, देवळात जाणे एकेक करून सोडून देतो. या उपचारात समुपदेशक त्यातले एखादे छोटे काम पुन्हा सुरू करायला लावतो आणि पुढच्या भेटीत त्याची विचारपूस करतो. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळालेले रुग्ण तशी जोड न मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात सावरले, हे 2017 साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ग्रामीण दवाखान्यासाठी यापेक्षा आशादायक गोष्ट दुसरी नाही.

जोडप्याच्या समुपदेशनात पेशंट नवराही नसतो आणि बायकोही नसते. उपचार नात्यावर होतात. म्हणून समुपदेशक कोणाचाच वकील होत नाही. स्वतंत्र भेटीत सांगितलेली गुपिते जोडीदारापुढे उघड होतील की नाही, हा नियम त्याने आधीच स्पष्ट करायला हवा. जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाने जोडप्यांची भांडणे बारकाईने तपासली. सतत दोष काढणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक वेळी स्वतःचा बचाव करणे आणि तोंडाला कुलूप लावून बसणे या चार सवयी त्याला संसार मोडण्याच्या वाटेवर दिसल्या. त्यांतली तुच्छता सर्वांत घातक. ‘तुझ्या माहेरी हेच शिकवले का?’ हे आपल्याकडचे तिचे नेहमीचे रूप. भांडणाचा विषय पैसा असो, सासूसासरे असोत की बदली असो, समुपदेशक पाहतो ते भांडण कसे सुरू होते आणि कुठे अडकते ते.

शरीरसंबंधांतल्या अडचणी लोक सर्वांत शेवटी सांगतात. लग्नाला काही वर्षे होऊन ‘मूल होत नाही’ म्हणून आलेल्या जोडप्यात कधीकधी संबंधच आलेला नसतो. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली आणि पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ घरोघरी पोचले. इतकी परंपरा असताना दवाखान्यात हा प्रश्न विचारायला डॉक्टरने संकोचू नये.

एका परिस्थितीत मात्र जोडप्याला एकत्र बसवणे चुकीचे आहे: मारहाण. ज्या घरात बाई नवऱ्याला घाबरते तिथे ती त्याच्यासमोर खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. ‘दोघांनी समजून घ्या’ हा सल्ला अशा वेळी मारणाऱ्याच्या बाजूचा ठरतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो याच जाणिवेतून. नंतर असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले गेले. समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचे समर्थन करू देऊ नये, असे त्या कायद्याखालचे नियम सांगतात. डॉक्टरने जखमांची नोंद नीट करावी, नवऱ्याला बाहेर थांबवून बाईशी एकटीशी बोलावे आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा.

प्रकरण घटस्फोटापर्यंत गेले तरी समुपदेशनाची वाट बंद होत नाही. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे आणि महाराष्ट्रातल्या या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. संसार जुळला नाही तरी मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, खर्च यांवर शांतपणे करार होणे हेही त्यांचे यश मानावे. दुरावलेल्या आईबापांच्या ओढाताणीत मुले सापडू नयेत, एवढे साधले तरी ते काम मोठे आहे.

कुटुंबाचे समुपदेशन आपल्या समाजाला सर्वांत जवळचे, आणि तरीही सर्वांत कमी वापरले जाणारे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंमध्ये राहायला बोलावले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तिथेही व्यसनी माणसाइतकेच त्याच्या बायकोकडे आणि घराकडे लक्ष दिले गेले. कॅनडातल्या कॅल्गरीत स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था उभारली. 2004 चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला. ज्या घरात सतत टीका आणि चिडचिड असते तिथे स्किझोफ्रेनिया पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढते, हे संशोधनांतून वारंवार दिसले आहे. म्हणून घरच्यांना शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

घर बहुतेकदा एकाच माणसाला ‘बिघडलेला’ ठरवून पुढे करते. रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते म्हणून एखादी मुलगी डॉक्टरकडे येते. तपासात काही सापडत नाही. वडील नोकरीनिमित्त परगावी, आई आणि आजीचा अबोला, आणि मुलगी घरी राहिली तरच त्या दोघी एकमेकींशी बोलतात, असे चित्र सगळ्यांना एकत्र बसवल्यावर उघड होते. अशा मुलीला एकटीला समुपदेशकाकडे धाडून फारसा उपयोग होत नाही.

गुप्ततेबद्दल लोकांना फार भीती असते. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने ती रुग्णाचा हक्क केली आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून, तिला शिक्षा करू नये असेही तो सांगतो. गुप्ततेला अपवाद थोडे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि मुलावरचा लैंगिक अत्याचार. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार असा अत्याचार कळल्यावर तो कळवणे बंधनकारक आहे; डॉक्टरलाही त्यातून सूट नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. खासगी समुपदेशनाची फी अनेकांना दर आठवड्याला परवडत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतला मानसिक आरोग्य कार्यक्रम, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक आणि टाटा संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी सेवा हे पर्याय रुग्णाला सांगितले पाहिजेत. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या मोफत क्रमांकावर चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. एका खोलीच्या घरात फोनवर मन मोकळे करणे अवघड असते. तेवढ्या वेळापुरती दवाखान्यातली आतली खोली देता आली तर जरूर द्यावी.

‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य डॉक्टरने वापरू नये; त्याने माणूस पुन्हा बोलत नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. पुढे पाठवताना नुसते नाव सांगून थांबू नये. चिठ्ठी लिहावी, समोरच फोन लावावा आणि पंधरा दिवसांनी परत बोलवावे, म्हणजे तिकडे पाठवून हात झटकले असे रुग्णाला वाटत नाही.

दवाखाना सुरू करण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन तिथल्या डॉक्टरांना, समाजसेविकेला आणि जवळच्या दोन चांगल्या समुपदेशकांना प्रत्यक्ष भेटून ये. त्यांचे वार, वेळा आणि फोन नंबर टेबलाच्या काचेखाली ठेव, आणि 14416 हा क्रमांक बाकासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव.

तुझी,
आत्या