कार्ला ब्रुनी आणि सिएटचे टायर

प्रश्न : फ्रान्सचे माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी यांची पत्नी कार्ला ब्रुनी म्हणजे सिएट टायर कंपनीच्या मालकांची मुलगी, असे आमच्या कट्ट्यावर एकाने ठासून सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे असे की ती साधी मॉडेल होती, अध्यक्षांशी लग्न झाले म्हणून नाव झाले. खरे कोणाचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या गृहस्थांना निम्मे गुण द्यावे लागतील. दुसऱ्यांची मात्र गाडी उलट्या दिशेने धावते आहे.

आधी टायरचे पाहू. इटलीतल्या तुरिन शहरात १९२४ साली व्हर्जिनिओ ब्रुनी तेदेस्की यांनी विजेच्या केबलींचा कारखाना काढला. त्याच्या लांबलचक इटालियन नावाच्या आद्याक्षरांतून ‘सिएट’ झाले. पुढे ही कंपनी टायरही बनवू लागली. हे व्हर्जिनिओ म्हणजे कार्लाचे आजोबा. १९५८ साली टाटा समूहाच्या सहकार्याने ही कंपनी मुंबईत आली. भांडुप आणि नाशिकच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे ती इतकी रुळली, की ती परदेशी असल्याचे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. पण १९८२ मध्ये इथली सिएट गोयंका यांच्या आरपीजी समूहाने घेतली आणि ब्रुनी कुटुंबही तिकडे टायरच्या धंद्यातून बाहेर पडले. म्हणजे ‘मालकांची नात’ हे एका काळापुरते बरोबर. आजच्या कंपनीशी कार्लाबाईंचा संबंध नाही.

या घराण्यामुळे आणखी एक समज आपोआप निकालात निघतो. गरीब घरातली सुंदर मुलगी रॅम्पवर चालली आणि नशीब फळफळले, ही सिनेमातली गोष्ट इथे लागू पडत नाही. कार्लाचा जन्म डिसेंबर १९६७ चा, तुरिनचा. घरात पैसा होताच, शिवाय संगीत होते. आई मारिसा बोरिनी पियानोवादक, तर वडील आल्बेर्तो कारखानदार असून ऑपेरा रचणारे. सत्तरच्या दशकात इटलीत ‘रेड ब्रिगेड्स’सारख्या अतिडाव्या संघटनांचा धुमाकूळ सुरू होता. श्रीमंतांच्या अपहरणाची भीती होती. म्हणून हे कुटुंब फ्रान्सला गेले. कार्ला तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची होती.

पॅरिसमध्ये तिने कला आणि वास्तुकलेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या वर्षी ते अर्धवट सोडून मॉडेलिंग धरले. गेस जीन्सच्या जाहिरातींनी चेहरा ओळखीचा झाला. मग दिओर, शानेल, सॅं लोराँ, व्हर्साचे अशी मोठमोठी फॅशन घराणी तिला बोलावू लागली. या धंद्याचे गणित थोडे वेगळे असते. रॅम्पवर चालल्याने मुख्यतः प्रतिष्ठा मिळते. मोठा पैसा येतो तो जाहिरातींतून. कार्लाकडे दोन्ही होते. नव्वदच्या दशकात जगात सर्वाधिक मानधन घेणाऱ्या मॉडेलमध्ये तिची गणना होई. पण मॉडेलचे करिअर लहान असते आणि तिशी आली की दारे बंद होऊ लागतात. ती वेळ येताच तिने स्वतःहून काढता पाय घेतला आणि गिटार हाती घेतली.

२००२ मध्ये तिचा पहिला अल्बम आला : दबका, किंचित घोगरा आवाज आणि बहुतेक गाणी स्वतः लिहिलेली. हौशी मॉडेलचा उद्योग म्हणून नाके मुरडायला बसलेले लोक तोंडात बोटे घालून राहिले, कारण त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

सार्कोझी तिला भेटले ते नोव्हेंबर २००७ मध्ये, एका मित्राकडच्या जेवणात. आता तारखा जुळवून पाहा. मॉडेलिंग संपून जवळपास दहा वर्षे झाली होती, गायिका म्हणून नाव होऊन पाच. लग्न २ फेब्रुवारी २००८ चे, एलिझे प्रासादातले. त्याच्या सातच दिवस आधी सार्कोझी आपल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे होते. लग्नाआधीच्या मैत्रिणीला राजशिष्टाचारात कुठे बसवायचे, यावर दिल्लीत बरीच डोकेफोड झाली. शेवटी ती आलीच नाही आणि सगळ्यांची सुटका झाली. २०१० च्या डिसेंबरात दोघे मिळून आले, तेव्हा फतेपूर सिक्रीला, अपत्यासाठी नवस बोलला जातो त्या सलीम चिश्तींच्या दर्ग्यातही जाऊन आले. पुढच्या ऑक्टोबरात त्यांना मुलगी झाली. याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

जुन्या धंद्याने तिला या नव्या संसारात एकदा अडचणीत आणले आणि त्याच दौऱ्यात तारलेही. मार्च २००८ मध्ये हे दांपत्य ब्रिटनच्या राजकीय दौऱ्यावर निघाले, नेमके तेव्हाच तिचे १९९३ मधले एक विवस्त्र छायाचित्र लिलावाला निघाले. लंडनची वर्तमानपत्रे टपून बसलेली. ती विमानातून उतरली करड्या रंगाचा, कमरेला पट्टा बांधलेला कोट घालून, डोक्यावर छोटी गोल टोपी आणि पायात सपाट बूट. ती नवऱ्यापेक्षा चांगलीच उंच. टाच चढवली असती तर सगळे फोटो उंचीचेच झाले असते. कोट दिओरचा, म्हणजे फ्रेंच घराण्याचा. तो बेतणारा जॉन गॅलियानो मात्र लंडनमध्ये वाढलेला ब्रिटिश. यजमान आणि पाहुणे दोघांचाही मान त्या एका कोटात राखला गेला. राणीसमोर तिने गुडघे लववून केलेले अभिवादनही बेतशीर होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना जॅकी केनेडी आठवली. माझ्या मते हे नशीब नव्हते. कुठल्या कपड्यात, कुठल्या कोनातून आपण कसे दिसतो हे कळण्यात तिची दहा वर्षे गेली होती.

‘फर्स्ट लेडी’ हे फ्रान्समध्ये मोठे सरकारी पद असते असे पुष्कळांना वाटते. तिथल्या राज्यघटनेत असे पदच नाही. त्यामुळे तिने गाणे थांबवले नाही. जुलै २००८ मध्येच नवा अल्बम काढला आणि त्याचे मानधन समाजकार्याला देऊन टाकले. २०१२ मध्ये सार्कोझी निवडणूक हरले, हिचे काम चालूच राहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये मिलानला जियानी व्हर्साचे यांच्या स्मरणार्थ झालेल्या शोमध्ये ती नाओमी कॅम्बेल, सिंडी क्रॉफर्ड यांच्यासह सोनेरी पोशाखात पुन्हा रॅम्पवर आली. वय एकोणपन्नास.

कट्ट्यावरच्या दुसऱ्या गृहस्थांना माझ्यातर्फे एवढेच सांगा, की २००२ चा तो अल्बम एकदा ऐका. फ्रेंच येत नसले तरी काही अडत नाही.