हृदयाची झडप आणि आपला व्यायाम



हृदयाच्या झडपेचा आजार निघाला की घरचे म्हणतात, "आता तू चालायला-बिलायला जाऊ नकोस." पण तीच बाई रोज दोन हंडे घेऊन चढ चढते, त्याला कुणी अडवत नाही! खरं तर झेपेल एवढं चालणं चांगलं, त्रास होतो तो घाईच्या कष्टाने. असं का, ते समजून घेऊ.

आजार कसा होतो?
हृदयात चार झडपा असतात. त्या दारासारख्या उघडतात आणि मिटतात. लहानपणी घसा दुखून ताप येतो, तो अंगावर काढला तर काही मुलांना पुढे सांधे सुजणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो. त्यातून काही वर्षांनी डावीकडची मायट्रल झडप अरुंद होऊ शकते.

धाप का लागते?
दार अरुंद, म्हणून रक्त पुढे जायला वेळ लागतो. आपण घाई केली की ठोके वाढतात आणि तो वेळ कमी पडतो. रक्त मागे फुप्फुसांकडे तुंबतं, मग धाप लागते. म्हणून व्यायाम करायचा तो संथ.

आधी तपासणी
झडप किती अरुंद आहे हे इको तपासणीत कळतं. थोडीच अरुंद असेल आणि त्रास नसेल, तर बहुतेकींना चालायला हरकत नसते. खूप अरुंद असेल तर आधी उपचार. "मी किती चालू? किती वजन उचलू?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

परवानगी मिळाल्यावर
१. सपाट रस्त्यावर रोज १० मिनिटांपासून सुरुवात करा. हळूहळू वाढवा.
२. चालताना सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग कमी करा.
३. सुरुवातीची आणि शेवटची ५ मिनिटं अगदी सावकाश चाला.
४. श्वास रोखून वजन उचलू नका. प्राणायामातही श्वास कोंडू नका.
५. भर उन्हात किंवा जेवल्या जेवल्या नको.
६. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडण्याझडण्यापासून जपा.

लगेच थांबा
छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर किंवा जास्त धाप आली, तर बसून घ्या. बरं वाटेना तर १०८ ला फोन करा. रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, पाय सुजणं, खोकल्यातून रक्त पडणं, ही लक्षणं दिसली तर दवाखाना लांबवू नका. दिवस राहण्याआधीही डॉक्टरांचा सल्ला घ्या, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो.

डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून ते चुकवू नका. ते झडप आणखी बिघडू नये म्हणून असतं.

बैठकीत बोला: आपल्या गटात जिना-चढ चढताना धाप लागणारी कुणी आहे का? तिला तपासणीला कोण घेऊन जाईल? आणि तिचा एक हंडा कोण उचलेल?