लव पकडणाऱ्या गाळण्या

नवा पांढरा टॉवेल आणि काळी विजार एकाच बादलीत धुतली, तर काय होते? विजार वाळल्यावर तिच्यावर पांढरी लव चिकटलेली दिसते. घासताना सुताचे बारीक तंतू तुटून पाण्यात येतात आणि दुसऱ्या कपड्यावर जाऊन बसतात. नदीवर धुणे धुताना ही तक्रार फारशी येत नाही, कारण वाहते पाणी तंतू घेऊन जाते. यंत्राच्या टाकीत मात्र पाणी तेच ते असते.

घरगुती स्वयंचलित धुलाई यंत्र अमेरिकेत १९३७ साली विक्रीस आले. पुढे तेथे वरून कपडे टाकण्याची यंत्रे लोकप्रिय झाली. त्यांच्या मधोमध ताकाच्या रवीसारखा एक दांडा असतो. तो उलटसुलट फिरून कपडे घुसळतो. मग भोके असलेली आतली टाकी वेगाने फिरते आणि पाणी बाहेर फेकले जाते. येथेच खरी गोम आहे. बाहेर जाणारे पाणी कपड्यांतून जाते, म्हणजे कपडेच गाळणी बनतात आणि लव त्यांच्यावरच अडकते! म्हणून पाणी काढून टाकण्यापूर्वीच लव पकडली पाहिजे. हे काम निरनिराळ्या कारखानदारांनी कसे साधले, ते पाहू.

पहिली रीत वरच्या ताटलीची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ‘फिल्टर-फ्लो’ यंत्रे काढली. त्यांत रवीच्या डोक्यावर बारीक भोकांची एक ताटली बसवलेली असे. पंप टाकीतले पाणी वर आणून तिच्यात सोडी. पाणी भोकांतून खाली जाई, लव ताटलीत राही. धुणे झाले की ताटली उचलून साफ करायची. झाकण उघडताच ती समोर दिसते, त्यामुळे विसर पडत नाही. पण पाणी वर चढवायला पंप लागतो.

दुसरी रीत पोटातल्या गाळणीची. मेटॅगच्या काही यंत्रांत गाळणी रवीच्या पोकळ पोटात असे. रवी हलली की पाणी आपोआप आतून फिरे. रचना सुटसुटीत, पण गाळणी नजरेआड. म्हणून साफ करायची राहून जाई.

तिसरी रीत स्वतःच साफ होणाऱ्या गाळणीची. व्हर्लपूलच्या काही यंत्रांत धुताना पाणी गाळणीतून एका दिशेने जाई, आणि निचरा होताना उलट दिशेने. त्या उलट्या प्रवाहाबरोबर अडकलेली लव गटारात जाई. हाताला काम नाही. पण लव नाहीशी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली.

चौथी रीत आपल्याकडे अनेकांनी पाहिलेली आहे. दोन टाक्यांच्या यंत्रात कडेला जाळीची छोटी पिशवी असते. जपानमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका गृहिणीने लव पकडणारी अशी साधी जाळी शोधून काढली, आणि पुढे ती तिथल्या यंत्रांत आली. घुसळलेले पाणी पिशवीत शिरते, जाळीतून बाहेर पडते आणि लव आत राहते.

आता थोडे गणित करू. समजा, टाकीत ६० लिटर पाणी आहे आणि पंप मिनिटाला २० लिटर पाणी गाळणीतून नेतो. ९ मिनिटांत १८० लिटर, म्हणजे तीन टाक्या पाणी गाळले गेले. मग सगळे पाणी तीनदा गाळले गेले का? नाही! गाळलेले पाणी परत टाकीतच मिसळते. त्यामुळे काही पाणी पाच-सहा वेळा गाळले जाते, तर सुमारे ५ टक्के पाणी एकदाही गाळणीपर्यंत पोचत नाही.

भोके किती बारीक असावीत, हाही प्रश्न आहे. बारीक जाळी अधिक लव पकडते, पण लवकर तुंबते. गंमत अशी, की जाळीवर लवेचा पातळ थर बसला की तो थरच अधिक बारीक गाळणी बनतो. थर जाड झाला, की मात्र पाणी आत जाईनासे होते आणि काठावरून निसटते. म्हणून कोणतीही गाळणी वेळेवर साफ करणे, हाच तिचा अर्धा गुण.

आज या जुन्या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे. सुती लव मातीत कुजते. पॉलिएस्टरचे तंतू म्हणजे प्लॅस्टिक, ते सहजी कुजत नाहीत. एका कपड्यातून एका धुण्यात १९०० हून अधिक तंतू सुटू शकतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यांतले पुष्कळसे जुन्या जाळ्यांच्या भोकांतून सहज निसटतील इतके बारीक असतात आणि नदीमार्गे समुद्रात पोचतात. फ्रान्सने २०२० साली केलेल्या कायद्यात, २०२५ पासून नव्या यंत्रांना असे तंतू पकडणारी गाळणी असावी, अशी तरतूद केली.

करून पाहा : नवा टॉवेल बादलीत चांगला चोळा. ते पाणी प्रथम चहाच्या गाळणीतून, मग खाली आलेले पाणी गडद रंगाच्या घट्ट विणीच्या रुमालातून ओता. दोन्हींवर काय राहिले, ते भिंगातून पाहा. गाळणीतून काय निसटले? पुन्हा पाणी ओतल्यावर रुमालातून ते हळू का झिरपते? उत्तरे वहीत लिहा. जमलेली लव मात्र मोरीत सोडू नका. वाळवून केराच्या डब्यात टाका.