प्युरिफायरचं कोटेशन मागवण्याआधी

शाळेच्या हवेचा विषय निघाला की पालकांची बोटं समोरच्या रस्त्याकडे आणि बांधकामाकडे जातात. ते बरोबरच आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांना पत्र्यांचं कुंपण, हिरवं कापड आणि पाण्याचे फवारे सक्तीचे केले, ते उगाच नाही. पण पालक-शिक्षक संघात काम करताना मला दिसलं ते वेगळंच. मुलांच्या नाकाच्या सगळ्यात जवळचा धूर फाटकाच्या आतबाहेर, आपलीच माणसं करतात.

आमच्या बालवर्गात डेंग्यूच्या भीतीने कॉइल लावली जायची. मागणी पालकांचीच. खिडक्या लोटलेल्या, कोपऱ्यातल्या बशीत कॉइल आणि शेजारी सतरंजीवर मुलं. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. हे सभेत वाचून दाखवल्यावर कुणीच काही बोललं नाही. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रोज रिकाम्या करायला लावल्या. तुमच्या शाळेत वर्गात उदबत्ती लावत असतील, तर तीही बाहेर न्या. देवाला चालतं.

गेटचं प्रकरण मात्र चिवट. शाळा सुटायच्या आधीपासून व्हॅनची रांग लागते, इंजिनं सुरूच. एका व्हॅनकाकांना विचारलं, तर म्हणाले, "बॅटरी वीक आहे ताई, बंद केली की सेल लागत नाही." डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. शिवाय मुलं बुटकी, म्हणजे सायलेन्सरच्या जास्त जवळ, आणि त्यांचा श्वासही मोठ्यांपेक्षा भरभर. फलक लावून काही होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे रोज एका पालकाने गेटवर उभं राहावं आणि काकांशी नीट बोलावं. गाड्या गेटपासून लांब लावून घ्याव्यात. आणि हो, मोटारीत एसी लावून बसलेल्या पालकांनाही तोच नियम. ते जास्त हुज्जत घालतात.

थंडीत पाचोळा पेटवतात, त्याकडे लक्ष ठेवा. शिपाईमामा सकाळी ढीग करून काडी लावतात आणि त्यात वेफर्सची पाकिटंही जातात. थंडीच्या सकाळी गार हवा जमिनीलगत बसलेली असते, धूर वर जातच नाही आणि पीटीचा तास नेमका तेव्हाच. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड ठरवला. आम्ही दंडाचं नाव न काढता मैदानाच्या कडेला खताचा खड्डा काढून दिला. मामांचं कामच कमी झालं.

खडूची आणि झाडण्याची धूळ बहुतेक जाडसर असते, पण दम्याच्या मुलांना तीही सोसत नाही. झाडू मुलं येण्याआधी फिरावा आणि मागून ओला पोछा.

हवेतले कण मोजणारं खिशातलं मीटर घेणार असाल, तर ते भांडायला वापरू नका. दमट हवेत, धुक्यात ही यंत्रं फुगवून आकडा दाखवतात. त्याने फक्त तुलना करा: गाड्या सुरू असताना किती, बंद असताना किती. मर्यादा माहीत असाव्यात. पीएम २.५ च्या २४ तासांच्या सरासरीसाठी भारतात ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५.

प्युरिफायरसाठी वर्गणी काढायचा आग्रह आमच्याकडेही झाला. पण साठ मुलांचा वर्ग खिडक्या बंद करून चालवता येत नाही, आणि उघड्या खिडकीपुढे ते यंत्र काय करणार? पुढच्या सभेत कोटेशन मागवण्याआधी कॉइल, व्हॅन आणि पाचोळा एवढ्यांचा विषय घ्या. तिन्ही कामं जवळजवळ फुकटात होतात.