मरीबाचे पाणी

ईश्वरी क्रोध म्हटला की विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा एकच चित्र उभे राहते : मनुष्याच्या हातून लहानशी चूक घडावी आणि तत्काळ आकाशातून वीज कोसळावी. ज्या शास्त्रकथांमुळे ही समजूत बळावते त्यांत गणना ह्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातील मोशेची कथा प्रमुख होय.

इस्राएल लोक कादेश येथे उतरले असता मिर्याम निवर्तली. पुढे पाणी मिळेना, तेव्हा लोक मोशे व अहरोन ह्यांच्यावर उठले. परमेश्वराने मोशेस आज्ञा केली की, काठी घे, मंडळी जमव आणि त्यांच्यादेखत खडकाशी बोल, म्हणजे तो पाणी देईल. मोशेने काठी घेतली, मंडळीही जमविली. परंतु खडकाशी बोलण्याऐवजी तो लोकांवरच गरजला. त्यांस बंडखोर म्हणून, आम्ही तुमच्यासाठी पाणी काढावे काय, असे विचारून त्याने खडकावर दोनदा काठी मारली. पाणी विपुल निघाले. पण त्या दोघा भावांस निर्णय मिळाला की, वचनदत्त देशात ह्या लोकांना तुम्ही नेणार नाही.

काठीच्या दोन फटक्यांना एवढे शासन! वाचकास हे कठोर वाटते, आणि तसे वाटणे गैर नव्हे. होरेबाजवळ पूर्वी एकदा खडकावर काठी मारण्याचीच आज्ञा झाली होती. यहूदी भाष्यकार राशी (१०४०–११०५) म्हणतो, बोलावयाचे ते न बोलता मारले, हाच अपराध. १२ व्या शतकातील मैमोनिदीस मात्र दोष मोशेच्या संतापात पाहतो. आम्हांस हेच मत अधिक पटते. हा प्रसंग सावकाश वाचून पाहा : पाणी मागणाऱ्या लोकांवर परमेश्वर रागावल्याचा तेथे एक शब्दही नाही. ते तान्हेले होते, त्याने पाणी देऊ केले. क्रोध होता तो मोशेचा; आणि मोशे रागावला म्हणजे देवच रागावला, असे लोक समजणार! मुलाने आपणांस चिडविले असता ‘देव तुला शिक्षा करील’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी येथे क्षणभर थांबावे.

इब्री भाषेत ‘अफ’ ह्या एकाच शब्दाचे नाक व क्रोध असे दोन अर्थ होतात. आपणही शीघ्रकोपी मनुष्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असे म्हणतोच. सोन्याच्या वासराचे पातक घडल्यानंतर परमेश्वराने मोशेस आपली ओळख करून दिली तीत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. मराठी शास्त्रात तो ‘मंदक्रोध’ असा उतरला आहे. त्याच पातकाच्या वेळी देवाचा कोप शांत व्हावा म्हणून रदबदली करणारा मोशेच होता. म्हणजे हा गुण त्याच्याइतका जवळून कोणी पाहिला नव्हता, आणि म्हणूनच त्याचे उत्तरदायित्वही मोठे.

तथापि पुढाऱ्याने आज्ञा मोडली म्हणून पाणी आटले नाही; लोक व त्यांची गुरेढोरे पोटभर प्याली. तसेच शासन झाले म्हणून मोशे टाकला गेला नाही. लोकांचा पुढारी तोच राहिला. अहरोन होर डोंगरावर १२३ व्या वर्षी मरण पावला. मोशेने यार्देनेपलीकडचा देश पाहू देण्याविषयी काकुळतीने विनविले, तेव्हा हा विषय पुन्हा काढू नकोस, असे उत्तर मिळाले. अखेर नबो डोंगरावरून परमेश्वराने त्याला सारा देश दाखविला. तेव्हा तो १२० वर्षांचा होता आणि त्याची दृष्टी मंदावली नव्हती. तेथेच तो मरण पावला, आणि त्याला परमेश्वराने स्वतः मवाबातील एका खोऱ्यात पुरले, असे अनुवादात लिहिले आहे.