तारेची वीण : पहिला धडा

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, तर ओडिशातील कटक शहर तारकशीसाठी प्रसिद्ध आहे. कटकच्या या कलेस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तारकशीत चांदीच्या तारा डाख देऊन जोडतात. घरी शिकण्याजोगी वीण मात्र विस्तवाशिवाय होते. तेव्हा मुलामुलींनी ती अवश्य शिकावी.

साहित्य : बिनलेपाची तांब्याची तार. १ मि.मी. जाडीचे १० सें.मी.चे दोन तुकडे आणि ०.३ मि.मी. जाडीची २ मीटर तार. शिवाय चपटी पक्कड व कातर.

कृती : जाड तारा २ मि.मी. अंतरावर समांतर धरा. बारीक तारेचे तीन वेढे डाव्या तारेस द्या. मग ती उजव्या तारेवरून बाहेर, खालून आत व मधून वर काढा. तसेच डाव्या तारेस करा. हा इंग्रजी आठचा आकडा होय. प्रत्येक फेरा नखाने मागील फेऱ्याशी भिडवा. फार ओढल्यास जाड तारा जवळ येतात. शेवटी तीन वेढे देऊन, टोक हाताने झाकून कापा आणि पकडीने दाबा. मगच पट्टीला गोलाई द्या.

बारीक तारेला पीळ पडताच तो बोटांनी उलगडावा. पुनःपुन्हा वाकवल्याने तांबे कडक होऊन तुटते, चांदीचेही तसेच. म्हणून तांब्यावर हात बसल्यावरच चांदी घ्यावी. तांबे वाया गेले तरी थोडक्यात भागते. चांदीचे नुकसान गरीब घराला सोसवत नाही.